एक बँक इकडे आली, एक तिकडे गेली : पणजी आणि बडोद्याच्या दोन बँकांची हकिकत

आपल्या मंडळाच्या वाचकांत गोव्याचे लोक आहेत, तसे बडोद्याचेही आहेत. दोघांच्या गावच्या इतिहासात एकेक बँक अशी आहे की जिचा कारभार एका देशात मावणारा नव्हता. गोव्यातली बँक लिस्बनहून आली. तिचं नाव बांको नॅसिओनाल उल्त्रामारिनो, म्हणजे 'समुद्रापारची राष्ट्रीय बँक'. बडोद्यातली बँक तिथेच जन्मली आणि पुढे मोंबासा, कंपाला, लंडनला गेली. ती बँक ऑफ बडोदा. दोघींच्या वाटा एकाच अरबी समुद्रावरून आणि जवळजवळ एकाच काळात गेल्या. पण या दोन गोष्टी एकत्र मांडलेल्या क्वचितच दिसतात.

त्या एकत्र मांडायचं कारण असं. आज बहुराष्ट्रीय बँक म्हटलं की काचेच्या इमारती आणि संगणक डोळ्यांपुढे येतात. मूळ प्रश्न मात्र फार जुना आणि साधा आहे: मी माझ्या गावातल्या शाखेत पैसे ठेवले, दागिना गहाण ठेवला, तर ते नक्की कुठे असतात? गल्ल्यात, मुख्य कचेरीत, की कुठल्यातरी कायद्याच्या कागदावर? सगळं सुरळीत चालू असतं तेव्हा हा प्रश्न कोणी विचारत नाही. राज्य बदललं की तो एकदम पुढे येतो. गोव्यात तो १९६१ साली आला, टांझानियात १९६७ साली आणि युगांडात १९७२ साली. तिन्ही ठिकाणी उत्तर वेगळं निघालं.

पेढीपासून बँकेपर्यंत

दूरदेशी पैसा पाठवणं आपल्याला नवं नव्हतं. बडोद्यात हरिभक्तींची पेढी होती, गोपाळराव मैराळांची होती. गायकवाड सरकारला कर्ज देणं, वसुलीवर उचल देणं आणि हुंड्या वटवणं हा या पेढ्यांचा धंदा. हुंडी म्हणजे एका गावच्या सावकारानं दुसऱ्या गावच्या आपल्या आडत्याला लिहिलेली चिठ्ठी: अमक्याला एवढे रुपये द्या, हिशोब आपण बघून घेऊ. रोकड वाटेवर नेण्याची जोखीम नको म्हणून ही सोय. गुजरात-कच्छच्या व्यापाऱ्यांच्या हुंड्या मस्कत आणि झांजिबारपर्यंत चालत.

पेढी आणि बँक यांत फरक काय? पेढीची पत म्हणजे एका घराण्याची पत. घराणं बुडालं की पेढी बुडाली. बँक ही कायद्यानं नोंदलेली कंपनी. भागीदार बदलले, मॅनेजर बदलला, तरी ती चालू राहते आणि परक्या मुलखात शाखा उघडू शकते. त्या शाखेचं स्वतंत्र असं काही नसतं, ती मुख्य कचेरीचाच लांबवलेला हात असते. पुढची सगळी गोष्ट कळायला एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मुंबईत असे लांबवलेले हात लवकर आले. चार्टर्ड बँकेला १८५३ साली सनद मिळाली, हाँगकाँग अँड शांघाय बँक १८६५ साली निघाली. यांना 'एक्स्चेंज बँका' म्हणत. कापूस, अफू, चहा यांच्या परदेशी व्यापाराच्या बिलांचा व्यवहार यांच्याच हातात होता. सरकारी आधार असलेल्या प्रेसिडेन्सी बँकांनासुद्धा परदेशी हुंडणावळीत उतरायला कायद्यानं बंदी होती. म्हणजे माल आपला, गोदी आपली, पण परदेशी बिलावरचं कमिशन लंडनच्या बँकेचं. ही परिस्थिती विसाव्या शतकातही बराच काळ टिकली.

लिस्बनची बँक पणजीत

बांको नॅसिओनाल उल्त्रामारिनो १८६४ साली लिस्बनला स्थापन झाली. तिचा संस्थापक फ्रान्सिश्कु द ओलिव्हेइरा शामिसु. पोर्तुगालच्या वसाहतींत बँकिंग करायचं आणि नोटा काढायच्या, असा तिचा खास अधिकार. दुसऱ्याच वर्षी अंगोलात लुआंडाला शाखा निघाली. १८६८ साली गोव्यात, म्हणजे तेव्हाच्या नोव्हा गोवा ऊर्फ पणजीत, शाखा आली. मकाव १९०२ साली, तिमोरमधलं दिली १९१२ साली. मोझांबिक हा तिचा मोठा मुलूख. मुंबईतही या बँकेचं कार्यालय होतं, कारण गोव्याचा पैसा मुंबईहूनच यायचा.

तिच्या नोटांवर एक गोल शिक्का असायचा. समुद्राकाठी बसलेली एक स्त्री, समोर जहाज आणि भोवती तीन शब्द: वसाहती, व्यापार, शेती. बँकेचं सगळं धोरण त्या शिक्क्यात आलं.

आता गंमत बघा. बँक एकच, पण चलनं किती! मकावला पटाका, आफ्रिकेत आधी रेइस आणि १९१४ नंतर एस्कुदो, आणि गोव्यात रुपिया. गोव्याचा रुपिया म्हणजे १६ टांगा आणि एका टांग्याचे ६० रेइस. एकाच मुख्य कचेरीच्या वह्यांत हे सगळं लिहायचं आणि शेवटी लिस्बनच्या चलनात मांडायचं. आजची कुठलीही बहुराष्ट्रीय बँक हेच करते, फक्त यंत्रावर करते.

गोव्यात लिस्बनचं चलन का नाही चाललं? कारण गोव्याची चूल ब्रिटिश हिंदुस्थानच्या बाजारावर पेटत होती. डिसेंबर १८७८ मध्ये पोर्तुगाल आणि इंग्लंड यांचा करार झाला, तो १८८० पासून अमलात आला. त्यात जकात एकत्र केली, मिठाचा मक्ता इंग्रजांकडे गेला आणि मुरगाव बंदर व तिथून घाट चढून जाणारा रेल्वेमार्ग बांधायचं ठरलं. बेळगावकरांना लोंढ्याचा हा फाटा चांगला माहीत आहे. त्याच करारानं गोव्याचा रुपिया इंग्रजी रुपयाच्या बरोबरीचा झाला आणि त्याची नाणी इंग्रजांच्या टांकसाळीत पडली. करार १८९२ साली संपला, पण रुपियाची बरोबरी टिकली. गोव्यात झेंडा पोर्तुगालचा आणि भाव मुंबईचा, असा हा प्रकार.

१९०६ पासून गोव्याच्या नोटा या बँकेच्या नावानं निघू लागल्या. पहिल्या महायुद्धात नाण्यांची चणचण आली तेव्हा १९१७ साली तिनं चार टांगा, आठ टांगा अशा चिल्लर किमतीच्या नोटाही काढल्या. म्हणजे ही बँक गोवेकराच्या खिशापर्यंत पोचलेली होती. ज्यानं कधी बँकेची पायरी चढली नाही त्याच्याही कनवटीला तिचा कागद असायचा.

परगावच्या कमाईवर चालणारं गाव

गोव्याची शेती गोव्याला पुरत नव्हती, तांदूळ बाहेरून यायचा. तो घ्यायला पैसा यायचा बाहेर गेलेल्या माणसांकडून. मुंबईला धोबीतलावच्या 'कुडां'त राहणारे आचारी, बटलर, वादक. बोटींवरचे तारवटी. नैरोबी, कंपाला, दारेसलामला सरकारी आणि रेल्वेच्या कचेऱ्यांत कारकुनी करणारे 'आफ्रिकार'. काणकोण-पेडण्याकडचे हिंदू तरुण मुंबईच्या गिरणीत, दुकानांत होते. मनीऑर्डर, बँकेचा ड्राफ्ट, नाहीतर गावी निघालेल्या माणसाच्या हाती दिलेलं पाकीट, अशा वाटांनी हा पैसा घरी यायचा.

घरी आलेल्या पैशाचं लोक काय करायचे? जमीन घ्यायचे, घर शाकारायचे आणि सोनं करायचे. अडीअडचणीला तेच सोनं गहाण पडायचं. लग्न, आजारपण, बोटीचं तिकीट, नाहीतर पुढच्या महिन्याचा पैसा येईपर्यंतची नड. सराफाकडे ठेवायचं तर व्याज जबर. बँकेत ठेवलं तर पावती मिळते आणि तिजोरी सरकारच्या भरवशाची. म्हणून पुष्कळ गोवेकरांनी बायकांच्या अंगावरचे दागिने बांकोत तारण ठेवले. ही पावती म्हणजे गरिबाचं बँक खातंच होतं.

१९५४ पासून भारत सरकारनं गोव्याची आर्थिक कोंडी सुरू केली. ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहानंतर सरहद्द बंद झाली आणि लोंढ्याहून येणारी रेल्वे थांबली. मुंबईहून पैसे पाठवण्यावर बंधनं आली. गोव्यातल्या घरांची ही मोठी परीक्षा होती. पोर्तुगीज सरकारला हात दिला तो खाणींनी. १९५० नंतर जपानला लोहखनिज जाऊ लागलं, त्यातून परकीय चलन मिळू लागलं आणि त्या चलनावर बाहेरचा माल येऊ लागला. हा व्यवहार बँकेशिवाय होणारच नव्हता.

मग आला चलनाचा बदल. १९५८ साली पोर्तुगालनं रुपिया मोडून गोव्यात एस्कुदो आणला. भाव ठरला एका रुपियाला ६ एस्कुदो. जानेवारी १९५९ च्या तारखेच्या नव्या नोटा बांकोनंच काढल्या, ३० पासून १००० एस्कुदोपर्यंत. हा सहाचा आकडा कुठून आला? रुपया तेव्हा दीड शिलिंगाचा, म्हणजे पौंडाला साधारण १३ रुपये ५ आणे. पौंडाला सुमारे ८० एस्कुदो. भागाकार केला की उत्तर सहाच्या आसपास येतं. पणजीच्या बाजारातल्या चलनाचा भावसुद्धा असा लंडनच्या पौंडावरून ठरत होता. पौंडाचा हा धागा पुढे बडोद्याच्या गोष्टीतही येतो.

बडोद्याची बँक

आता गोव्याकडून बडोद्याकडे वळू. श्रीमंत सयाजीराव गायकवाडांनी २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदा सुरू केली. नोंदणी झाली संस्थानच्याच १८९७ च्या कंपनी कायद्याखाली. वसूल भांडवल १० लाख रुपये. पाठीशी उभे राहिलेल्यांत महाराजांचे बंधू संपतराव गायकवाड, मुंबईचे विठ्ठलदास ठाकरसी, तुळशीदास किलाचंद आणि महाराजांचे अमेरिकन सल्लागार राल्फ व्हाइटनॅक होते. संस्थानात कारखाने निघावेत, शेतकरी-व्यापाऱ्याला रास्त व्याजानं पैसा मिळावा, हा हेतू होता. जुन्या पोतदारांच्या पेढ्यांचा काळ मावळला होता आणि त्यांची जागा घेणारं काही उभं राहिलेलं नव्हतं.

या बँकेच्या इतिहासातली एक बारीक गोष्ट सहसा सुटून जाते. १९१० साली तिनं अहमदाबादला शाखा काढली. अहमदाबाद ब्रिटिश मुलुखात, बँक बडोदे संस्थानच्या कायद्यानं जन्मलेली. म्हणजे कायद्याच्या नजरेनं ती परमुलखातच गेली होती! १९१९ साली मुंबई झाली. एका राज्याच्या कायद्याखाली जन्मून दुसऱ्याच्या हद्दीत काम करायची सवय या बँकेला समुद्र ओलांडण्याच्या चाळीस वर्षं आधीच लागलेली होती.

त्यातच १९१३ चं संकट येऊन गेलं. लाहोरची पीपल्स बँक बुडाली, मुंबईची इंडियन स्पेसी बँक बुडाली, पुढच्या तीन-चार वर्षांत कितीतरी लहानमोठ्या स्वदेशी बँका बंद पडल्या. बडोद्याची बँक टिकली. राज्याचा पाठिंबा हे एक कारण आणि सट्ट्यात पैसा न घालणं हे दुसरं.

१ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. आश्रयदाता गेला. आता बँकेला आपली वाट आपणच शोधायची होती, आणि ती सापडली आफ्रिकेत.

पेटलादहून मोंबासा

का आफ्रिकाच? नकाशावर बघा. चरोतरातला पेटलाद महाल, सोजित्रा, भादरण ही गावं बडोदे संस्थानची. नवसारी, अमरेली प्रांतही संस्थानचे. पूर्व आफ्रिकेत जी गुजराती माणसं दुकानं घालून बसली, त्यातली पुष्कळ याच भागांतली. बँकेचं गिऱ्हाईक आधीच तिकडे जाऊन बसलं होतं. मराठी माणसं तिकडे मोजकीच, पण गोवेकर भरपूर होते. कंपालाच्या पेठेत दुकान पाटीदाराचं आणि कचेरीतला कारकून बार्देशचा, हे चित्र नेहमीचं.

१९५३ साली मोंबासा आणि कंपाला, १९५४ साली नैरोबी, १९५६ साली दारेसलाम अशा शाखा झाल्या. १९५७ साली लंडनची शाखा उघडली. बँक ऑफ इंडियानं लंडनला १९४६ मध्येच पाय रोवला होता. ज्या परदेशी हुंडणावळीत शंभर वर्षं लंडनच्या बँकांची मक्तेदारी होती, तिथे आता आपल्याकडच्या बँका बसू लागल्या.

यात पैसा फिरतो कसा, ते एका उदाहरणानं बघू. समजा १९५५ साली मोंबासाच्या एका दुकानदारानं भादरणला आईला हजार शिलिंग पाठवायचं ठरवलं. तो शाखेत रोकड भरतो. पूर्व आफ्रिकेचा शिलिंग इंग्रजी शिलिंगाच्या बरोबरीचा आणि रुपया दीड शिलिंगाचा. म्हणून आईला मिळणार ६६६ रुपये १० आणे ८ पै, त्यातून बँकेची वटणावळ वजा. पण मोंबासाची रोकड बोटीत बसून येत नाही. मोंबासाची शाखा आपल्या वहीत लिहिते, 'मुख्य कचेरीला हजार शिलिंग देणं.' बडोद्याची वही म्हणते, 'मोंबासाकडून येणं', आणि गुजरातेतली शाखा आपल्या गल्ल्यातून आईला रुपये देते. मोंबासाची रोकड तिथेच राहते आणि तिथल्या कापसाच्या व्यापाऱ्याला उधार दिली जाते. वर्षाकाठी दोन्ही बाजूंचं देणंघेणं वजा जाऊन जो फरक उरेल तेवढाच लंडनमध्ये पौंडात भागवायचा. केनिया, युगांडा, भारत सगळे स्टर्लिंगच्या गोटातले, त्यामुळे अडचण नव्हती.

म्हणजे हुंडीचंच तत्त्व. फरक एवढाच की हुंडीत दोन सावकार एकमेकांवर विश्वास टाकायचे, इथे एकाच बँकेच्या दोन वह्या एकमेकींवर विसंबतात. पण दोन वह्या दोन राज्यांत आहेत. जोवर दोन्ही राज्यं हा हिशोब मानतात, तोवर सगळं ठीक.

राज्य बदललं तेव्हा

आधी गोवा. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौज गोव्यात येणार हे दिसू लागलं, तेव्हा बांकोनं आपल्या तिजोरीतलं सोनं लिस्बनला हलवलं. त्यात लोकांचे गहाण दागिनेही गेले. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. बँकेचा गोव्यातला कारभार थांबला, एस्कुदोच्या जागी भारतीय रुपया आला. बँकांच्या पुनर्रचनेसाठी १९६२ साली खास नियम करावे लागले. दिल्ली आणि लिस्बन यांच्यात बोलणं बंद होतं, त्यामुळे दोन वह्यांचा ताळा घालणारं कोणी उरलं नाही. गोवेकराच्या हाती राहिली पावती. कर्ज फेडायची तयारी आहे, पावती आहे, पण दागिना पाच हजार मैलांवर आणि तो परत करणारं कोणी गावात नाही. मुक्तीचा आनंद खराच, आणि हा घोरही खरा. गोव्याच्या इतिहासात पहिल्याबद्दल पानंच्या पानं आहेत, दुसऱ्याबद्दल फार थोडं लिहिलेलं आहे.

मग टांझानिया. फेब्रुवारी १९६७ च्या आरुशा जाहीरनाम्यानंतर ज्युलियस न्येरेरेंच्या सरकारनं सगळ्या बँका एका झटक्यात राष्ट्रीय केल्या. इंग्रजी बँकांबरोबर बडोद्याच्याही तिथल्या शाखा नव्या नॅशनल बँक ऑफ कॉमर्समध्ये गेल्या. इथे बँकेनं शाखा गमावल्या, पण ठेवीदाराचं खातं त्याच गावात, नव्या पाटीखाली चालू राहिलं. गोव्याच्या अगदी उलट. दोनच वर्षांनी, १९ जुलै १९६९ रोजी, भारतानं १४ बँका राष्ट्रीय केल्या आणि त्यात बँक ऑफ बडोदाही आली. जे धोरण तिला दारेसलामला सोसावं लागलं, तेच आता घरी लागू झालं.

तिसरं उत्तर युगांडाचं. १९६९ साली बँकेनं तिथल्या शाखांची वेगळी स्थानिक कंपनी केली, बँक ऑफ बडोदा (युगांडा) लिमिटेड. हा बदल नावापुरता नव्हता. शाखा म्हणजे मुख्य कचेरीचा हात, तर उपकंपनी म्हणजे वेगळं घर मांडलेला मुलगा. त्याचं भांडवल तिथलं, वह्या तिथल्या, कायदा तिथला. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीननं आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. पन्नास हजारांवर माणसं बाहेर पडली. दुकानं, घरं, बँकेतली शिल्लक मागे राहिली, बरोबर नेता आले ते थोडेसे पौंड. बँक मात्र तिथेच राहिली आणि आजही आहे. तिच्या वहीत ठेवीदाराची शिल्लक अगदी बरोबर मांडलेली होती, फक्त ती देशाबाहेर काढायची परवानगी नव्हती.

तिन्ही ओळीनं मांडून बघा. गोव्यात बँक गेली आणि ठेवीदार राहिले. टांझानियात बँक ताब्यात घेतली, ठेवीदार राहिले. युगांडात बँक राहिली आणि ठेवीदार गेले. कुठेही बँक बुडाली नव्हती, कुठेही दिवाळं निघालेलं नव्हतं. तरी माणसाचा पैसा त्याच्या हाती आला की नाही, हे बँकेच्या सचोटीपेक्षा दोन सरकारांच्या संबंधांवर जास्त ठरलं.

परतलेले दागिने

गोव्याच्या सोन्याची गोष्ट अजून संपलेली नाही. एप्रिल १९७४ मध्ये पोर्तुगालात क्रांती झाली, हुकूमशाही गेली. त्याच वर्षी तिथल्या नव्या सरकारनं बांको नॅसिओनाल उल्त्रामारिनो राष्ट्रीय केली. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत करार झाला आणि पोर्तुगालनं गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. त्यावर पोर्तुगालतर्फे परराष्ट्रमंत्री मारियो सोआरेश यांची आणि भारतातर्फे यशवंतराव चव्हाणांची सही आहे. संयुक्त महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री या प्रकरणात असे येऊन जातात, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं.

त्यानंतर बोलणी होऊ शकली. पण बोलणी सुरू होणं आणि दागिना हातात पडणं यात बरीच वर्षं गेली. १९९१ साली भारतीय स्टेट बँक आणि बांको यांच्यात समझोता होऊन ते दागिने गोव्यात परत आले आणि पावतीवाल्यांना देण्याची सोय झाली. पुढच्याच जानेवारीत, १९९२ च्या प्रजासत्ताक दिनाला, तेच सोआरेश पोर्तुगालचे राष्ट्राध्यक्ष म्हणून दिल्लीला पाहुणे आले.

तीस वर्षं. ज्या मुलीच्या लग्नासाठी बांगड्या गहाण पडल्या असतील, ती तोवर स्वतः सासू झालेली. पावतीवरचं नाव आणि दारात आलेला वारस यांचं नातं शाबीत करायला पुन्हा कागद हवेत. पण एक गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे. हे सगळं जमलं ते कागद राहिले म्हणून. लिस्बनच्या वहीत नोंद होती, गोव्याच्या कपाटात पावती होती. राज्यं बदलली, चलन दोनदा बदललं, बँकेची मालकी बदलली, पण दोन टोकांचे दोन कागद एकमेकांना जुळले.

बांको पुढे २००१ साली पोर्तुगालच्या कैशा जेराल द देपोझितोश या सरकारी बँकेत विलीन झाली. मकावमध्ये मात्र ते नाव अजून चालू आहे आणि तिथल्या नोटा ती आजही काढते. बँक ऑफ बडोदाचा पसारा नंतर आखातात, न्यूयॉर्कला गेला. आजचा दुबईतला किंवा कुवेतमधला कोकणी-मराठी माणूस मोबाइलवरून घरी पैसे पाठवतो, तेव्हा पडद्यामागे दोन वह्यांचा तोच जुना हिशोब चालतो. शाखा आहे की उपकंपनी, कायदा कुठला, पैसा बाहेर न्यायची मुभा किती, हे प्रश्नही तेच आहेत. ते आधी विचारून ठेवलेले बरे.

मंडळातर्फे एक विनंती. गोवा, बडोदा, नवसारी, बेळगाव इथल्या कितीतरी घरांत जुनी पासबुकं, गहाणाच्या पावत्या, ड्राफ्टांच्या चवड्या, आफ्रिकेहून आलेली पैशांच्या हिशोबाची पत्रं ट्रंकेत पडून असतील. व्यवहार मिटला म्हणून घर आवरताना ती रद्दीत जातात. बँकांच्या अहवालांत शाखा उघडल्याच्या तारखा सापडतात, पण त्या शाखेत कोण काय ठेवून गेलं ते या कागदांतच आहे. टाकण्याआधी एकदा उलगडून वाचा, तारीख आणि नाव लिहून ठेवा, जमलं तर फोटो काढून मंडळाकडे द्या.